चिंचेत बुडवलेला कार्बुरेटर

कार्बुरेटर काळा पडला होता. मळका नाही, राखाडी नाही, तव्याच्या बुडासारखा काळा. परातीतल्या चिंचेच्या पाण्यात तो बसला होता, त्याच्या अंगातून बारीक बुडबुडे निघत होते आणि शेजारी ताम्हन, पळी, पंचपात्र लख्ख चमकत होती. मी हात घालून तो बाहेर काढला, नळाखाली धरला, अंगठ्याने घासला. अंगठा काळा झाला. कार्बुरेटर होता तसाच.

तो आमचा नव्हता. सायखेड्याच्या एका द्राक्षबागायतदाराच्या जुन्या मोटारसायकलचा होता, ती सूनबाईकडे दुरुस्तीला आली होती. दोन सिलिंडरची गाडी, म्हणून कार्बुरेटरही दोन, डावा आणि उजवा. मुठीएवढा भाग असतो. त्यात पेट्रोल आणि हवा मिसळते आणि इंजिनाला जाते. या गाडीचे आता नवे मिळत नाहीत. सूनबाईने दोन्ही खोलून शेडमध्ये ताटात मांडून ठेवले होते आणि ती एका केबलसाठी सिन्नरला गेली होती. दुसऱ्या दिवशी घट बसायचे होते. मी देवाची भांडी काढली, परातीत चिंच कोळली, मीठ टाकलं. मग शेडमध्ये नजर गेली. त्यातला डावा, पिवळा, डागाळलेला, हाताशी दिसला आणि मी तो भांड्यांबरोबर परातीत टाकला.

कोणी म्हणेल, म्हातारीला काय कळतं. तर मला कळतं, म्हणूनच स्वतःचा राग आला. मी तांबटाची मुलगी आहे. शाळा चौथीपर्यंत, पण धातू मी बापाच्या भट्टीपाशी शिकले. आमच्या गल्लीत सकाळी सातपासून हातोड्या सुरू व्हायच्या. वडील मठारायला बसायचे, म्हणजे घडवलेल्या भांड्यावर एकसारखे बारीक ठोके द्यायचे, आणि मी समोर बसून मोजायची. त्यांनी एकच गोष्ट नीट शिकवली. डोळ्यावर विश्वास ठेवू नको, वाजवून बघ. पितळ वाजतं. जस्त वाजत नाही, दगड टाकल्यासारखं ठक्क करतं. मी तो कार्बुरेटर काळा झाल्यावर वाजवला. ठक्क.

आजवर सूनबाईकडे आलेले कार्बुरेटर पांढरट असायचे. त्यांना मी कधी हात लावला नव्हता. आतले बारीक पितळी जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे भोकाचे स्क्रू, तेवढे चिंचेत टाकून साफ करायचे, हे माझं काम. हा पिवळा होता म्हणून मी पितळ समजले. तांबटाच्या घरची नसते तर कदाचित विचारलं असतं.

शेड माझ्या नवऱ्याची. तो सातपूरला कारखान्यात फिटर होता. निवृत्त झाल्यावर घरामागे पत्रे टाकून जुन्या गाड्या दुरुस्त करायचा. मुलाला त्यात रस नव्हता, तो कंपनीत शिफ्टला जातो. सूनबाई मात्र सासऱ्याच्या हाताखाली शिकली आणि तो गेल्यावर शेड तिने चालू ठेवली. मला लोकांनी सांगितलं होतं, आता बसून राहा, मेथी निवडा, नातवंडं सांभाळा. मी दीड महिना बसले. मग एक दिवस शेडमध्ये जाऊन खुर्ची टाकली आणि सूनबाईला म्हटलं, काहीतरी दे. तिने जेट दिले. दोन वर्षं झाली, ती खुर्ची माझी आहे.

संध्याकाळच्या आत सूनबाई आली. मी परात झाकली नव्हती. तिने बघितलं, पर्स खाली ठेवली आणि कार्बुरेटर हातात घेतला. आरडाओरडा केला नाही. तिने मला सांगितलं तेव्हा कळलं की तो पिवळा रंग म्हणजे पितळही नव्हतं आणि मळही नव्हता. कारखान्यातून निघताना जस्ताच्या अंगावर दिलेलं ते मूळ कवच होतं. गाडीच्या मालकाने काम देताना एकच अट घातली होती, पॉलिश करायचं नाही, मूळ अंग तसंच राहिलं पाहिजे. गावातल्या एका मेकॅनिकने चकचकीत करून देतो म्हटलं म्हणून तर त्याने गाडी तिथून उचलली आणि आमच्याकडे आणली. सूनबाईने त्याला शब्द दिला होता. दसऱ्याला गाडी पुजायची, आणि पूजा त्याचे वडील, आप्पा, करणार, ज्यांनी ती नवी असताना घेतली.

"आई, आता मी त्यांना काय सांगू?" एवढंच ती म्हणाली.

"आत्ता काही सांगू नकोस. दुसरा आहे ना चांगला? म्हणजे रंग आपल्याकडे आहे. त्याच्यासारखा हा करायचा."

"कसा?"

ते मलाही माहीत नव्हतं. पण खरं सांगते, त्या क्षणी मला भीती वाटली नाही. लहानपणी वडील नवं भांडं ठोकायला घ्यायचे तेव्हा व्हायचं, तसं झालं. हात शिवशिवायला लागले.

घट बसले. देवापाशी दिवा लावला आणि मी शेडमध्ये गेले. सूनबाईने आधी मोबाईलवर शोधलं आणि मला वाचून दाखवलं. जस्त आंबटात टाकलं की खराब होतंच, पण शेजारी तांबं असेल तर तांब्याचा अंश सुटून जस्तावर काळा थर बसतो. म्हणजे माझ्या ताम्हनाने हे केलं होतं. तिचं म्हणणं होतं की काचेच्या बारीक मण्यांचा फवारा मारून थर उडवावा, नाशकात एक जण करतो. मी नाही म्हटलं. ओतकामाचा जो खरखरीतपणा असतो, साच्याची बारीक रेघ असते, खाली कोरलेला नंबर असतो, ते सगळं फवाऱ्याने एकसारखं होतं. मग दुसऱ्याशेजारी ठेवला की हा चेहरा धुवून आल्यासारखा दिसेल.

आमच्या गल्लीच्या टोकाला सोनार होते. ते दागिने रिठ्याच्या पाण्यात ब्रशने घासायचे. रिठा धातूला खात नाही. मी रिठे भिजवले. ब्रश आमच्या घरचा दातांचा, मऊ झालेला. नुसत्या रिठ्याने थर निघेना. राख वापरावी तर ओरखडे पडतात. मग कोनाड्यात रांगोळीचा डबा दिसला. रांगोळी मलमलच्या कापडातून तीनदा गाळली, मैद्यासारखी झाली. रिठ्याच्या फेसात ती कालवली आणि कार्बुरेटरच्या बुडाशी, जिथे दिसत नाही तिथे, नखाएवढी जागा घासली.

काळं सुटलं. खालून पांढरट राखाडी जस्त आलं आणि साच्याची रेघ तशीच.

मी सूनबाईला हाक मारली. ती स्वयंपाकघरातून कणकेच्या हातानेच धावत आली. तिने भिंगातून बघितलं, परत बघितलं आणि मग म्हणाली की आतल्या बारीक वाटांमध्ये रांगोळीचा एक कण जरी अडकला तरी गाडी चालू होणार नाही. बरोबर होतं. मग आम्ही मेणबत्ती वितळवून एकेक भोक मेणाने बुजवलं. अठरा भोकं निघाली. मग दोन दिवस मी फक्त घासत होते. उपास होता, साबुदाण्याची खिचडीही शेडमध्येच खाल्ली. मुलगा शिफ्टवरून आला, दारात उभा राहून म्हणाला, "आई, देवीचं नवरात्र आहे की कार्बुरेटरचं?" मी त्याला रांगोळी गाळायला बसवलं.

तिसऱ्या दिवशी संपूर्ण अंग स्वच्छ झालं. गरम पाण्यात टाकून मेण काढलं, सूनबाईने हवेच्या नळीने प्रत्येक वाट फुंकून काढली. आता तो स्वच्छ होता पण नागडा होता. पिवळं कवच परत कसं आणायचं, हे अर्धं काम बाकी होतं.

आणि पाचव्या माळेला मालक स्वतः येऊन उभा राहिला. पन्नाशीचा माणूस, पांढरा शर्ट, हातात द्राक्षाच्या छाटणीची कात्री तशीच. नाशकात औषधं घ्यायला आला होता, म्हणाला, जाता जाता बघून जावं. सूनबाईने माझ्याकडे बघितलं. तिच्या मनात होतं की आधी नीट करावं, मग सांगावं. मीच तसं सुचवलं होतं, पण माणूस समोर उभा असताना मला ते जमत नाही. मी दोन्ही कार्बुरेटर त्याच्यापुढे ठेवले आणि सांगितलं की डावा मी चिंचेत टाकला, काळा केला, आता घासून पांढरा केलाय आणि पिवळा करायचा बाकी आहे. हिची काही चूक नाही.

 तो कात्री उघडत मिटत राहिला.

"मावशी, चिंचेत?"

"चिंचेत. मीठ घालून."

"लोणचं घालायचं होतं का काय?" तो म्हणाला, पण हसला नाही. मग सूनबाईकडे वळून म्हणाला, "ताई, आता दोन्ही चकचकीत करून टाका. जोडी तरी सारखी दिसंल. आप्पांना मी सांगतो काहीतरी."

"उजव्याला हात लावायचा नाही," मी म्हटलं.

"मावशी, आप्पांचं वय पंच्याऐंशी हाय. ते माझ्यावर डाफरतात, तुमच्यावर नाय डाफरणार. लय दिवस म्हणतायत, गाडी नटवू नको, हाय तशी बघायचीय मला. आता दसऱ्याला ते येनार आन एक पांढरा एक पिवळा बघनार."

मी म्हटलं, अष्टमीपर्यंत थांब. अष्टमीला फोन कर. नाही जमलं तर दोन्ही घासून आरसे करून देते, आणि तुझ्या आप्पांना मीच सांगते. त्याने विचार केला. कात्री पिशवीत टाकली, उजवा कार्बुरेटर उचलून बघितला, ठेवला. गेला.

त्या दिवशी सूनबाई माझ्याशी नीट बोलली नाही. मालकाला सांगितल्याचा राग होता. तिचं बरोबर असेल. या एका कामावर तिचं पुढचं नाव ठरणार होतं, कारण मालकाचे आणखी चार मित्र जुन्या गाड्या घेऊन बसलेले आहेत आणि ते सगळे या गाडीकडे बघणार होते. बाईच्या हातात गाडी द्यावी का, हे लोक एका गाडीवरून ठरवतात. आणि सासूने बिघडवली असं झालं असतं तर माझी खुर्चीही गेली असती. सुनेने काढली नसती, मीच उठले असते.

सहाव्या दिवशी सकाळी आम्ही स्कूटरवरून सातपूरला गेलो. तिथे नट-बोल्टला जस्ताचा मुलामा देणारा एक छोटा कारखाना आहे. पत्र्याची शेड, आत ओळीने टाक्या. शेवटच्या टाकीत केशरी पिवळं पाणी. नट-बोल्ट मुलामा घेऊन येतात, त्या पाण्यात क्षणभर बुडतात आणि पिवळे होऊन निघतात. तिथले लोक त्याला पॅसिव्हेशन म्हणतात. मी ते पिवळे नट बघितले आणि पिशवीतून उजवा कार्बुरेटर काढून शेजारी धरला. एकाच जातीचा रंग. सूनबाईच्या दंडाला मी इतक्या जोरात धरलं की ती ओरडली.

कारखानदार बनियनवर होता, कानाला मोबाईल. आमच्याकडे बघून म्हणाला, "मावशी, देवीचा मुकुट आहे का? सोनेरी आपल्याकडे होत नाही."

मी कार्बुरेटर दाखवला. त्याने हात झटकला. एका पीससाठी टाकी लावत नाही, इथे माल ड्रमने येतो. मी सांगितलं की टाकी लागलेलीच आहे, मुलामा नको, अंगच जस्ताचं आहे, फक्त शेवटच्या पाण्यात बुडवायचंय. तो म्हणाला, किती वेळ बुडवायचं ते मी सांगू शकत नाही, ओतीव जस्त वेगळं वागतं, बिघडलं तर माझ्या नावाने रडायचं नाही.

"मी बिघडवून आणलाय," मी म्हटलं. "तुझा नंबर माझ्यानंतर."

तेव्हा त्याने मोबाईल कानावरून काढला. उद्या या, म्हणाला, सकाळी पाणी ताजं असतं. आणि हातमोजे आणा, ते पाणी विषारी आहे.

सातव्या दिवशी आम्ही एक भंगारातला, त्याच धातूचा, फुटका कार्बुरेटर घेऊन गेलो. त्याचे तीन तुकडे केले होते, करून बघायला. कोपरापर्यंत रबरी हातमोजे, तोंडाला कापड. तुकडा तारेला बांधला. आधी पातळ ॲसिडमध्ये डुबकी, मग पाण्यात, मग पिवळ्या टाकीत. वेळ मोजायला कारखानदाराने मोबाईल काढला. मी म्हटलं, राहू दे. मी वडिलांच्या हातोडीच्या लयीत मांडीवर बोट मारून मोजते. ती लय माझ्या अंगात आहे, पासष्ट वर्षांत मागेपुढे झालेली नाही.

पहिला तुकडा तीस ठोके ठेवला. तपकिरी झाला, वर तेलासारखे रंग, आणि बोट लावलं तर थर बोटावर आला. दुसरा सहा ठोके. लिंबाच्या सालीइतकाही पिवळा नाही. तिसरा चौदा ठोके. बाहेर काढला, पाण्यात खळबळला, उजेडाला धरला. कारखानदार आणि त्याचे दोन कामगार सगळे टाकीपाशी गोळा झाले होते.

इथे सूनबाई आणि मी भांडलो. बरोबर आणलेल्या उजव्या कार्बुरेटरची खालची, पेट्रोल साठायची वाटी तिने उघडून ठेवली होती. बाहेरून त्याचा पिवळा रंग फिका, उन्हा-धुळीने उतरलेला. पण वाटीच्या आतल्या कडेला, जिथे चाळीस वर्षं ऊन लागलं नाही, तिथे गडद होता. चौदा ठोक्यांचा तुकडा आतल्या रंगाशी जुळत होता. सूनबाईचं म्हणणं, दहा ठोके ठेवू, म्हणजे बाहेरच्याशी जुळेल, जोडी सारखी दिसेल. माझं म्हणणं, जोडी सारखी दिसण्याचा शब्द तू दिला नव्हतास. मूळ रंगाचा दिला होतास. मूळ आतला आहे.

"आई, लोक बाहेरून बघतात."

"बघू दे. हा वर्षभरात उतरून त्याच्यासारखा होईल. फिका केला तर कधीच बरोबर होणार नाही."

तिने माझ्याकडे बघितलं, मग वाटीकडे. मग तार माझ्या हातात दिली.

डावा कार्बुरेटर मी चौदा ठोके बुडवला. तेराव्याला तार आवळून धरली, चौदाव्याला काढला. पाण्यातून बाहेर आला तेव्हा तो पिवळा होता, आणि त्या पिवळ्याखाली साच्याची रेघ, नंबर, ओतकामाचा खरखरीतपणा, सगळं जागेवर. एक कामगार म्हणाला, "नवा आला की डब्यातून." मी नाचले नाही, कारण फरशी ओली होती.

ते कवच पहिले चोवीस तास मऊ असतं, बोट लावायचं नाही. मग सातपूरपासून घरापर्यंत मी स्कूटरवर मागे बसून तारेला लोंबता कार्बुरेटर हात लांब करून धरला. प्रत्येक गतिरोधकाला मी सुनेला शिव्या दिल्या. सिग्नलला एका रिक्षावाल्याने विचारलं, आजी, कंदील कुठं निघाला? मी म्हटलं, तुझ्या लग्नाला.

अष्टमीला मालकाचा फोन आला. सूनबाईने फक्त "या" एवढंच सांगितलं. दुपारनंतर तिने दोन्ही कार्बुरेटर गाडीवर चढवले. त्याच दिवशी चढवणं भाग होतं, कारण नवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते, पान्याला हात लावत नाहीत. नवमीला मी पाने, हातोड्या, लोखंड पकडायची नवऱ्याची वाइस, सगळं पुसून मांडलं, हळदकुंकू वाहिलं. मग गाडीपाशी गेले आणि सवयीने कुंकवाचं बोट सरळ डाव्या कार्बुरेटरवर नेलं. ओलं कुंकू. सूनबाईने माझं मनगट पकडलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी ते कुंकू त्या घासायच्या दातांच्या ब्रशला लावलं. त्यानेही काम केलं होतं.

दसऱ्याला सकाळी मालक वडिलांना जीपमधून घेऊन आला. आप्पा काठी टेकत शेडमध्ये आले, टोपी नीट केली. गाडीभोवती एक फेरी मारली. डाव्या बाजूला खाली बसले, गुडघे कटकट वाजले, आणि डाव्या कार्बुरेटरकडे बघत राहिले. मग वाकून उजव्याकडे. सूनबाई भिंतीला टेकून उभी होती, ओढणीचं टोक तोंडात.

"हा बरुबर हाय," आप्पा म्हणाले. बोट डाव्याकडे होतं. "असाच हुता. शोरूममधून आणली तव्हा असाच. तो दुसरा उन्हानं उतरलाय."

मालकाने माझ्याकडे बघितलं. आप्पांना चिंचेचं मीच सांगितलं, कारण नाही सांगितलं तर ते चुकीचं झालं असतं. ते बराच वेळ हसले, खोकले, मग म्हणाले की त्यांच्या आईने एकदा त्यांचं मनगटी घड्याळ भांड्यांबरोबर घासलं होतं.

सूनबाईने पेट्रोल सोडलं. पहिली किक, काही नाही. दुसरी, एक सिलिंडर धडधडला आणि थांबला. मला रांगोळीचा कण दिसायला लागला. तिसऱ्या किकला दोन्ही पेटले, शेड निळ्या धुराने भरली आणि आम्ही सगळे खोकत बाहेर पळालो. आप्पा आतच बसले होते.

गाडीला झेंडूचा हार घातला. आप्पांनी आपट्याची पानं आधी सुनेच्या हातात दिली, मग माझ्या. मालकाने जाताना विचारलं की त्याच्या मित्रांना पाठवू का. सूनबाई म्हणाली, पाठवा, पण दिवाळीच्या साफसफाईनंतर.

त्या नवरात्रातून दोन्ही कार्बुरेटर वाचले, सूनबाई वाचली, मी वाचले.